पारख-पत्रक आणि सोमलाच्या तीन ओळी

तुम्ही कधी कुणाच्या हाती काम देऊन 'पुरे होईपर्यंत करत राहा' असे सांगून निघून गेला आहात का? गेला असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे, आणि थोडा तुमच्याविरुद्धही आहे.

मी तसे केले आहे. लेखी केले आहे, खाली सही करून केले आहे. त्या सहीमुळे एक सज्जन माणूस तीन दिवस लोखंडी हँडल फिरवत राहिला आणि चौथ्या दिवशी त्याला कामचुकार ठरवण्यात आले. पुढे जे झाले ते इतके मजेदार झाले की अजूनही कुणी 'सत्तावीस' म्हटले की मला हसू आवरत नाही. पण आधी अपराध कबूल केलेला बरा.

माझे वडील यवतमाळच्या एका छापखान्यात खिळे जुळवत. आमच्या घरात पुस्तके नव्हती, पत्रके होती. संपाची पत्रके, दारूबंदीची पत्रके, साक्षरतेची, सहकाराची, सभेची, सभा रद्द झाल्याची. बिघडलेल्या प्रतींच्या उलट्या बाजूला मी अक्षरे गिरवली. मुलांना पहिल्यांदा 'ग' गिरवायला देतात, मी बहुधा उद्गारचिन्ह गिरवले असावे! त्यामुळे अन्याय दिसला की माझ्या तोंडून सरळ वाक्य निघत नाही, मागणी निघते.

अशी मी मॅट्रिक होऊन एका मोजणीच्या कचेरीत लागले. विदर्भ नुकताच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आला होता आणि दुसऱ्यातून तिसरे राज्य व्हायचे घाटत होते. राज्य बदलले की कागद बदलतात. झरी-जामणीकडच्या जंगलाकाठच्या गावांत मोजणीदार साखळी घेऊन शेते मोजत, आणि त्यांचे आकडे आमच्याकडे येत. आमच्याकडे बारा गणक होते. प्रत्येकापुढे हाताने फिरवायचे एक गणितयंत्र. एका बाजूला आकड्यांच्या खुंट्या, दुसऱ्या बाजूला हँडल. पुढे फिरवले की मिळवते, मागे फिरवले की वजा करते, आणि वजा करताना शून्याच्या खाली गेलात तर टिंग करून घंटी वाजते. आम्ही त्याला 'जाते' म्हणायचो. बारा जाती एकदम फिरू लागली की बाहेर रस्त्यावरची माणसे आत डोकावून पिठाचा भाव विचारायची.

गणकाने स्वतःचे डोके चालवायचे नसे. त्याच्यासमोर एक कृतिपत्रक असे. पायरी एक, पायरी दोन, अशा वीस-पंचवीस पायऱ्या आणि तळाशी 'थांबा'. अक्कल सगळी पत्रकात, ताकद सगळी दंडात. ही पत्रके गणकांच्या हाती जाण्याआधी तपासायची, हे माझे काम. तपासायचे ते एवढेच: हे पत्रक पाळणारा माणूस कधीतरी 'थांबा'पाशी पोहोचेल ना? पोहोचणार असेल तर तळाशी 'पडताळले' असे लिहून मी सही करी.

मला या कामाचा भलताच गर्व होता. एकदा एका पत्रकात पायरी सहामध्ये 'पायरी तीन पाहा' होते आणि पायरी तीनमध्ये 'पायरी सहा पाहा' होते. ते मी पहिल्याच दिवशी पकडले आणि घरी जाऊन आईला असे सांगितले की जणू दरोडेखोर पकडला.

आता सोमला. सोमला राठोड घाटंजीजवळच्या तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरलेले, आजोबा शेतीला लागलेले, आणि सोमला सरकारी खुर्चीवर बसलेला तांड्यातला पहिला माणूस. खुर्ची कच्ची होती, म्हणजे नोकरी हंगामी होती. तरी त्याची आई, जिला तो 'याडी' म्हणे, एकदा बाजारच्या दिवशी केवळ ती खुर्ची बघायला कचेरीत आली होती. खुर्चीवर हात फिरवून, समाधानाने मान हलवून ती परत गेली.

एका सोमवारी सोमलाकडे एका चौकोनी शेताचे पत्रक आले. चारही बाजू मोजून आकृती जुळवली की शेवटची खूण पहिल्या खुणेवर यायला हवी. ती येत नाही, साखळीच्या चारदोन कड्यांची चूक राहतेच. मग पत्रक सांगे: चुकीला बाजूंच्या संख्येने भागा. भागाकारात अर्धी किंवा अधिक कडी आली तर पूर्ण एक धरा. चूक जास्तीची असेल तर तेवढे प्रत्येक बाजूतून कमी करा, कमतीची असेल तर मिळवा. पुन्हा आकृती जुळवा. चूक शून्य होईपर्यंत हेच करा.

वाचायला किती शहाणे वाटते! मी ते चार कड्यांच्या चुकीवर चालवून पाहिले होते, आठ कड्यांच्या चुकीवर पाहिले होते. पहिल्याच फेरीत शून्य. पडताळले. सही.

सोमलाच्या शेतात चूक होती दोन कड्यांची. दोनला चाराने भागले, अर्धी कडी. अर्धी म्हणजे पूर्ण एक. चारही बाजूंतून एकेक काढली, म्हणजे दोनच काढायच्या तिथे चार निघाल्या. आता दोन कड्या कमी. पुन्हा भागले, पुन्हा अर्धी, पुन्हा एक. चार मिळवल्या. पुन्हा दोन जास्त! ते शेत झोपाळ्यावर बसले होते. एका झोक्याला साधारण दोन तास लागत, कारण मधे लांबलचक गुणाकार होते. सोमला झोके देत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने वरच्या गणकाला सांगितले, "भाऊ, हे काई थांबून नाई राह्यलं." त्या गणकाने तळाची माझी सही दाखवली. सोमला परत जाऊन हँडल फिरवू लागला.

गुरुवारी सुपरिंटेंडेंट चिंतलवार साहेबांनी त्याच्या हातात नोटीस दिली. सोमवारपासून कामावर येऊ नये.

मी ते ऐकले आणि सोमलाच्या टेबलापाशी धावले. पत्रक पाहिले, दोन मिनिटांत झोपाळा दिसला. दिसायला दोनच मिनिटे लागली, हेच जास्त लागले मला.

"सोमला, अरे तुला कळलं होतं ना? मग मला का नाही विचारलंस?"

"ताई, तुमची सही होती. म्या म्हनलं, ताईंनं पाह्यलं हाये, म्हंजे कधी ना कधी थांबन. माह्याच हातात दम कमी असन."

मी थेट साहेबांच्या खोलीत शिरले.

चिंतलवार साहेब दुष्ट नव्हते. नीटनेटके होते. त्यांच्या टेबलावर टाचण्यासुद्धा एकाच दिशेने तोंड करून असत. मी झोपाळा समजावून दिला. त्यांनी शांतपणे ऐकले आणि ते म्हणाले, "बाई, याच पत्रकावर बाकी गणकांनी किती शेतं केली. सगळ्यांची संपली. हेच एक कसं राहिलं?"

मी बाकीचे कागद मागवून चाळले. त्यांतही काही शेते झोपाळ्यावरची होती. आणि प्रत्येकाच्या तळाशी सुरेख, गोल शून्य काढलेले होते! दोन झोके झाले की लोक आपल्या मनानेच शून्य लिहून चहाला जात होते. खोटे लिहिणारे कष्टाळू ठरले होते आणि खरे वागणारा एकटा आळशी. त्यांची नावे मी घेतली नाहीत आणि आजही घेणार नाही. ज्या पत्रकाने त्यांना खोटे बोलायला लावले, त्यावर सही माझीच होती.

"साहेब, दोष पत्रकाचा आहे! आणि माझा आहे! नोटीस मला द्या!"

"बसा, बाई. आवाज खाली. हे एक पत्रक मान्य. पण उद्या दुसरा येईल, म्हणेल माझंही पत्रक थांबत नाही. परवा तिसरा. माणूस आळशी की पत्रक वेडं, हे मी ओळखायचं कसं? मला एक पद्धत द्या. कोणतंही पत्रक, कोणतेही आकडे, घातले की आधीच सांगेल, थांबणार का नाही. सोमवारपर्यंत द्या. दिलीत, तर राठोडची नोटीस मी फाडतो. नाही, तर नोटीस राहील. ओळखायचा उपायच नसेल तर मी हाताखालच्या माणसालाच धरणार, दुसरं काय करू?"

"देते!" मी म्हणाले. एका क्षणाचाही विचार न करता! पत्रकांवर वाढलेल्या माणसाचे हेच होते. मागणीपुढे उद्गारचिन्ह लावले की ती मंजूर झाल्यासारखी वाटते.

ते दोन दिवस मी हवेत होते. मी 'पारख-पत्रक' लिहायला घेतले, म्हणजे पत्रकांना तपासणारे पत्रक. पायऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात का? बघा. आकडे फिरून तेच येतात का? बघा. प्रत्येक फेरीला काहीतरी कमी होत जाते का? होत असेल तर थांबणार. शनिवारी दुपारपर्यंत एकोणचाळीस पायऱ्या झाल्या. जुनी सगळी पत्रके मी त्यातून काढली, सगळ्यांची उत्तरे बरोबर! मी माझ्या टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घातली. खरेच घातली.

त्याच वेळी रहीमभाई यंत्रांना तेलपाणी करायला आले होते. गावात शिवणयंत्रे, घड्याळे आणि आमची जाती असे सगळे तेच दुरुस्त करत. तेल दिल्यावर यंत्राचे सगळे दात मोकळे व्हावेत म्हणून ते एक व्यायाम करत. कोणताही आकडा घ्यायचा. सम असला तर निम्मा करायचा. विषम असला तर तिप्पट करून एक मिळवायचा. एक येईपर्यंत चालू ठेवायचे. एक आला की यंत्र पास.

मी ऐटीत म्हणाले, "रहीमभाई, तुमचा व्यायाम द्या, माझ्या पारखेतून काढते."

"काढा ना. सव्वीस घ्या, दहा फेऱ्यात एकावर येते. पन सत्तावीस घेऊ नका, ताई."

"का?"

"म्या एकदा घेतला होता. चहा थंडी झाली, दुसरी मागवली, तेही थंडी झाली."

"पण शेवटी एक येतोच ना? नेहमी?"

"आजपर्यंत तर आला. उद्याचं अल्ला जाने."

मी तो व्यायाम पारख-पत्रकावर घातला. कमी होत जाते का? होते, आणि वाढतेही. आकडे फिरून येतात का? येत नाहीत, निदान अजून तरी. माझ्या एकोणचाळीस पायऱ्या त्या दोन ओळींपुढे उभ्या राहिल्या आणि गप्प बसल्या. ठीक आहे, म्हटले, चाळिसावी पायरी घालू. एकेचाळिसावी घालू. रविवार आहेच की!

इतका वेळ सोमला समोर बसून डबा खात होता. नोटीस हातात असूनही तो शनिवारी कामाला आला होता, कारण ती सोमवारपासूनची होती. त्याने भाकरी संपवली, हात धुतला आणि एका कोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून माझ्यापुढे ठेवल्या.

'एक: हे पत्रक ताईंच्या पारख-पत्रकावर घाला. दोन: उत्तर "थांबेल" आले तर हँडल फिरवत राहा, कधीही सोडू नका. तीन: उत्तर "थांबणार नाही" आले तर लगेच थांबा.'

"ताई, आता सांगा. हे थांबते का?"

मी हसत पेन्सिल उचलली. समजा, माझी पारख म्हणाली, थांबेल. तर दुसरी ओळ म्हणते, फिरवतच राहा. म्हणजे थांबत नाही. पारख खोटी. बरे, समजा पारख म्हणाली, थांबणार नाही. तर तिसरी ओळ म्हणते, लगेच थांबा. म्हणजे थांबले. पारख पुन्हा खोटी.

"आणि पारख काहीच बोलली नाही तर?" मी विचारले.

"मंग तुमची पारखच फिरून राह्यली. तिले कोन थांबवन?"

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. "मी पायऱ्या वाढवीन! शंभर करीन!"

"हजार करा ना. म्या पहिल्या ओळीत तुमचंच नवं पत्रक घालीन. माह्या तीन ओळी तीनच राह्यतीन."

"तुला हे सुचलं कसं?"

"आमच्या तांड्यात भीमाबापू होता एक. मोठा आडमुठा. त्याच्यासमोर कोनी म्हनलं की आज बापू घाटंजीले जाईन, तर तो मुद्दाम यवतमाळले जाये. यवतमाळ म्हनलं तर घाटंजीले. त्याच्या मांगं सांगतलं तर खरं होये, पन त्याच्या कानावर गेलं की खलास. म्या तुमच्या पारखेले भीमाबापूच्या समोर उभं केलं, बस."

मी हसू लागले. खूप हसले. रहीमभाईही हसले, मग सोमलाही. आणि हसता हसता माझ्या लक्षात आले की ज्या पद्धतीवर त्याची नोकरी टिकणार होती, ती त्यानेच तीन ओळींत मारून टाकली होती.

"सोमला! अरे, हे साहेबांना दाखवलं तर नोटीस राहते! गप्प बसला असतास तर सोमवारी मी हे एकोणचाळीस पायऱ्यांचं देऊन टाकलं असतं."

"अन् त्याच्याखाली सही कोनाची राह्यली असती?"

त्याने कागद घडी करून माझ्याच हातात दिला. "शून्य लिवाचंच असतं तं म्या मंगळवारीच नसतं लिवलं का, ताई?"

सोमवारी आम्ही दोघे साहेबांपुढे उभे राहिलो. मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मागितलेली पद्धत नाही. माझ्याजवळ नाही असं नव्हे, ती असूच शकत नाही. कुणीही, कधीही, कितीही पायऱ्या लिहून ती करू शकणार नाही. आणि हे तुम्ही कामचुकार ठरवलेल्या माणसानं डबा खाता खाता सिद्ध केलं आहे!" आणि तीन ओळींचा कागद पुढे ठेवला.

साहेबांनी तो तीनदा वाचला. कान लाल झाले. "हा डावपेच झाला. असली आडमुठी पत्रकं कोण लिहितं? साधं, सरळ पत्रक असेल तर समजदार माणसाला नुसतं बघून सांगता येतं."

तेल दिलेली यंत्रे पुन्हा तपासायला आलेले रहीमभाई दारातच उभे होते. "साहेब, मंग हे बघून सांगा," म्हणून त्यांनी आपला व्यायाम सांगितला. "सव्वीस दहा फेऱ्यात थांबते. अठ्ठावीस अठराव्या फेरीले. सत्तावीसचं काय होईन?"

"दोघांच्या मधलाच आकडा आहे. पंधरा फेऱ्या." साहेबांनी कोट काढून खुर्चीला अडकवला. आम्ही त्यांना कोटाशिवाय त्या दिवशीच प्रथम पाहिले. ते सोमलाच्या यंत्रावर बसले. सत्तावीस. ब्याऐंशी. एकेचाळीस. एकशे चोवीस. बासष्ट. एकतीस. "येतंय खाली," साहेब म्हणाले. चौऱ्याण्णव. सत्तेचाळीस. एकशे बेचाळीस.

पंधरा झाल्या. तीस झाल्या. गणक एकेक करत जाती सोडून भोवती जमले आणि मोठ्याने फेऱ्या मोजू लागले. आकडा हजारांत गेला. साहेबांनी बाह्या वर केल्या. सत्त्याहत्तराव्या फेरीला आकडा होता नऊ हजार दोनशे बत्तीस, आणि कुणीतरी मागून म्हणाले, "साहेब, चहा सांगू का दोन?" अख्खी कचेरी खिदळत होती. साहेब मात्र पेटले होते! शंभर झाल्या आणि एकाएकी आकडे गडगडत खाली आले. चाळीस, वीस, दहा, पाच, सोळा, आठ, चार, दोन, एक. एकशे अकरावी फेरी.

"थांबलं!" साहेब हात वर करून ओरडले. "पाहिलंत? थांबलं!"

सोमला अगदी अदबीने म्हणाला, "हो, साहेब. पन थांबलं हे थांबल्यावर समजलं. नव्वदाव्या फेरीले तुम्हाले कोनी नोटीस देली असती तं?"

साहेब आपल्या लाल झालेल्या तळहाताकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "मग करायचं काय?" आणि हा प्रश्न त्यांनी मला नाही, सोमलाला विचारला.

"काई नाई, साहेब. पत्रक लिवनाऱ्यानंच खाली लिवाचं, इतक्या फेऱ्या करा. तेवढ्यात झालं तं झालं. नाई झालं तं 'राह्यलं' असं लिवा अन् कागद वापस करा. मंग लिवनारा पाह्यीन का काहून राह्यलं. हँडलवाला नाई."

साहेबांनी नोटीस मागून घेतली, चार समान तुकडे केले, आणि तुकडेसुद्धा एकावर एक नीट ठेवले. सोमला पुढे कायम झाला. आता पत्रके तो लिहितो. माझ्या सहीवरचा 'पडताळले' हा शब्द मी तेव्हापासून टाकून दिला आहे. मी लिहिते: 'इतक्या फेऱ्यांपर्यंत पाहिले, पुढचे माहीत नाही.' एवढे प्रामाणिक वाक्य आमच्या घरी आलेल्या एकाही पत्रकात मी वाचले नव्हते.

एक खंत आहे. ती गोल शून्ये लिहिलेली शेते आम्ही पुन्हा काढली, पण सगळी सापडली असे मी सांगू शकत नाही. झरीकडे एखाद्या बांधापाशी दोन कड्या अजून झोके घेत असतील, आणि त्या कागदावर माझी सही असेल.

म्हणून वाचकहो, हा अंक बाजूला ठेवलात की एक काम करा. तुम्ही कुणाला तरी 'होईपर्यंत करत राहा' असे सांगून ठेवले आहे. कामावरच्या गड्याला, हाताखालच्या कारकुनाला, घरातल्या सुनेला. ते शोधा आणि त्याखाली आपल्या हाताने लिहा: 'इतक्या वेळा करून थांबावे. न झाल्यास मला विचारावे.' आणि त्याखाली सही तुमची करा, त्यांची नव्हे.